विचारा केळुसकरांना

"पाणी कोणी घातलं? मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे, या कुंड्यांना पाणी कोणी घातलं?"

गच्चीवरून हा आवाज आला तेव्हा मी दाढी करत होतो, आणि दचकून मिशीचा डावा कोपरा उडवून बसलो. आमच्या नेरूळच्या सोसायटीत आरडाओरड नवी नव्हती. टाकी भरली नाही म्हणून ओरडा, भरून वाहिली म्हणून ओरडा... पण हा आवाज कुणाचा, तेच कुणाला कळेना. वॉचमन काठी घेऊन वर पळाला, त्याला वाटलं चोर सापडला. दुसऱ्या मजल्यावरचा पोपट त्या दिवशी जो गप्प झाला तो दिवाळीपर्यंत बोलला नाही. मी अर्ध्या मिशीनिशी वर जाऊन पाहतो तर केळुसकर! बनियन आणि लुंगीत, लहान मूल कडेवर घ्यावं तशी ज्वारीची कुंडी घेऊन उभे. समोर तिसऱ्या मजल्यावरच्या मोरेकाकू, एका हातात पापडांचं सूप, दुसऱ्या हातात रिकामा तांब्या. खटावकडच्या बाई, घाबरणं त्यांना माहीत नव्हतं. "मी घातलं," त्या म्हणाल्या. "म्होरं झाड तान्हेलेलं, हातात तांब्या. मग मी काय करू?"

मधुकर केळुसकर आयुष्यात एवढे एकदाच ओरडले. गेल्या महिन्यात ते गेले. बातमी आमच्या हिनं आणली. दुधाच्या पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "केळुसकर गेले हो. पहाटे, झोपेतच." मी पेपर वाचत होतो, तो वाचतच राहिलो, आणि पानभर बातम्यांतली एकही ओळ डोक्यात शिरली नाही. एकाच जिन्यानं चढत-उतरत होतो आम्ही, आणि तरी बोलणं बंद होऊन वर्षं झाली होती. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. मी खरं लिहिणार आहे. माझी ख्याती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आत्ताच हसू फुटलं असेल. फुटू द्या. सवय आहे मला.

ख्याती अशी की तुर्भ्याच्या ज्या कंपनीत मी कीटकनाशकं विकायचो, तिथे "जगतापाची गोष्ट" म्हणजे न घडलेली गोष्ट, असा अर्थच रूढ झाला होता. कंपनीच्या बसमध्ये सकाळी माझं दुकान उघडायचं. खाणीच्या धुळीत बस अशी हरवली की ड्रायव्हर खाली उतरून रस्त्यालाच पत्ता विचारत होता. जतच्या बाजूला नाकतोडा पाहिला, एवढा मोठा, की समोरून बैलगाडी आली तर बैल बाजूला होत होते. या नाकतोड्याच्या वेळी हिशेब खात्यातला कुणीतरी म्हणाला, "जगताप, पुरे. साक्षीदार आणा." खिडकीशी एक नवा माणूस बसला होता, किडका, चष्मेवाला, त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत कीटकशास्त्रज्ञ म्हणून लागलेला. मी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि ठोकून दिलं, "हे होते की माझ्याबरोबर. विचारा केळुसकरांना." वेंगुर्ल्याकडचा माणूस, जत त्यानं नकाशातही नीट पाहिलं नसेल. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि अगदी सपाट आवाजात म्हणाला, "हो. मी होतो तिथे."

बस तुर्भे नाक्यापर्यंत हसत होती. सिग्नलला उभे असलेले ट्रकवालेही हसत होते, असं मी पुढे सांगत असे, आणि तेही केळुसकरांनी पाहिलं होतं.

तेव्हापासून आमची जोडी जमली. त्यांनी आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर जागा घेतली, मी चौथ्यावर. मी थाप मारायची, हात वर करायचा, "विचारा केळुसकरांना", आणि त्यांनी चष्मा पुसून तेच तीन-चार शब्द बोलायचे. कधी एक शब्द जास्त नाही, कधी ओठाचा कोपरा हलला नाही. रविवारी आम्ही स्कूटरवरून दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासळी आणायला जायचो. तिथे जनाबाई म्हणून एक कोळीण होती. मी तिला सांगितलं की मागच्या खेपेच्या तुझ्या बोंबलानं आमच्या घरी फोडणीतून उडी मारली आणि थेट बेसिनमध्ये पोहायला लागला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे उभ्या केळुसकरांना विचारलं, "खरा काय ओ?" ते म्हणाले, "हो. मी होतो तिथे." तिनं वर दोन बोंबील टाकले आणि मला म्हणाली, "तुजा कोन ऐकतंय? तो चश्मेवाला बोलतो म्हंजे खरा हाय." अशी त्यांच्या शब्दाची पत, आणि ती ते माझ्यावर उधळत होते. एकदा मी विचारलंच, की तुम्ही स्वतः इतके चोख, मग माझ्या थापांना होकार कसा देता? म्हणाले, "तुमच्या खोट्यानं कुणाचं नुकसान होत नाही, जगताप." आणि मग थोडं थांबून, "सगळ्यांच्याच खोट्याचं तसं नसतं." मी ते वाक्य तेव्हा बोंबलाबरोबर तळून खाल्लं.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. पाऊस रुसलेली वर्षं होती आमच्या गावाकडे, खटाव-माणच्या भागात. केळुसकरांच्या डोक्यात एक किडा शिरला, खरोखरचाच म्हणायचा. तहानलेलं पीक किडीला बळी पडतं असं सगळेच म्हणतात, पण नेमकं काय होतं? कंपनीला याचं उत्तर नको होतं. तिच्याकडे उत्तर छापून तयार होतं. म्हणून त्यांनी सोसायटीची गच्ची मागितली आणि तिथे ज्वारीच्या कुंड्या मांडल्या. एका रांगेला रोज पाणी, दुसऱ्या दोन रांगांना जेमतेम जीव धरण्यापुरतं, आणि सगळ्यांवर सारखाच मावा, म्हणजे रस शोषणारी ती बारीक कीड, सोडलेला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "झाडांना ताण देतोय." शेतीत हा रोजचा शब्द आहे. बाग पाण्यावाचून ठेवतात त्याला ताण देणं म्हणतात. पण आमच्या सोसायटीत शेतीतलं कोण? ताण म्हणजे टेन्शन. पहिल्या मजल्यावरून बातमी निघाली की केळुसकरांना टेन्शन आहे, दुसऱ्यावर पोचेपर्यंत त्यांची नोकरी जाणार होती, चौथ्यावर आली तेव्हा ते सगळं सोडून हिमालयात निघाले होते. (शेवटचा मजला माझा, हे मान्य.) बायका केळुसकरवहिनींच्या सांत्वनाला जाऊन बसल्या. बिचाऱ्या वहिनींना काही पत्ताच नाही. त्यांचे गुडघे तरुणपणीच गेलेले, पहिल्या मजल्याच्या वर त्या कधी चढल्या नाहीत. आमच्या घरी हळदीकुंकवालाही नाही. गच्चीवर काय चाललंय ते त्यांना नवरा सांगेल तेवढंच.

आणि या गच्चीवर मोरेकाकू पापड वाळवायच्या. रोज नाही, चार-सहा दिवसांनी, पापड लाटून झाले की. त्यांच्या पापडांजवळची जी तहानलेली रांग होती, तिला त्या येतील तेव्हा तांब्याभर पाणी घालायच्या. गुपचूप, पुण्य म्हणून. टँकरमागे धावलेली बाई ती, तिच्या डोळ्यांसमोर झाड सुकवायचं आणि वर त्याला प्रयोग म्हणायचं, हे तिच्या पचनी पडणार नव्हतंच. ज्या दिवशी केळुसकरांना हे कळलं, त्या दिवशीची ती आरोळी.

पण ओरडून झाल्यावर ते कुंड्यांकडे बघत राहिले. दुपारी पाहिलं तर तिथेच. संध्याकाळीही तिथेच, भिंग घेऊन. मग त्यांनी मला वर बोलावलं. टाकीच्या कठड्यावर बसवलं आणि म्हणाले, "बघा." पाणी पिऊन माजलेल्या रांगेवर मावा होता, पण बेताचा. संपूर्ण तहानलेल्या रांगेवर जवळजवळ नव्हताच. आणि काकूंच्या रांगेवर... पानाचा हिरवा रंग दिसत नव्हता. मावा अंगातून जो गोड चिकटा टाकतो त्यानं पानं चमकत होती, तो चिकटा ठिबकून खालच्या पापडांवर पडला होता, आणि काकूंचे पापड एकमेकांना असे चिकटले होते की त्या उचलायला गेल्या तर गच्चीच उचलली जाईल. हे शेवटचं मी वाढवून सांगतोय. बाकीचं नाही.

"मावा चावत नाही हो," ते समजावू लागले, आणि इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तो सोंड खुपसून बसतो. रस झाडाच्या दाबानं त्याच्या तोंडात येतो, आपण नळाखाली ओंजळ धरावी तसा. झाड तहानलं की रस दाट होतो, पाकासारखा, अगदी माव्यानं बाळसं धरण्याजोगा. पण नळाला दाबच नाही. मावा उपाशी. आता ही काकूंची रांग बघा. आधी ताण, म्हणजे पाक तयार. मग काकूंचा तांब्या, म्हणजे दाब आला. झाड अजून सावरलेलं नाही, स्वतःचा बचाव करायची ताकद नाही, आणि मावा पंगतीला बसला." मी विचारलं, अळीचंही असंच का? म्हणाले नाही, अळी पान चावून खाते, तहानलेल्या ज्वारीचं पान चिवट होतं, कडू होतं, कोवळं असेल तर गुरांनासुद्धा बाधतं. "ताण आला की कीड आली, असं सरसकट नसतं जगताप. किती ताण, आणि तो सुटतो कधी, ते बघायचं. सुटतो त्या दिवशी जपायचं."

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पुन्हा कुंड्या मांडल्या आणि मोरेकाकूंना रीतसर विनंती केली, की या रांगेला तुम्ही पूर्वीसारखं अधूनमधून पाणी घाला. काकू म्हणाल्या, "आधी वरडला, आता इनंती करताय. तुमचं एक काय ते ठरवा." पण घातलं. आणि पुन्हा तेच झालं, जसंच्या तसं. मी पाहिलं. माझ्या या दोन डोळ्यांनी, भिंगानं आणि बिनभिंगाचं.

आता आमच्या कंपनीचं उत्तर काय होतं ते सांगतो. पोस्टर होतं, हसरा शेतकरी, मागे भेगाळलेलं रान, आणि मोठ्या अक्षरांत: "पाऊस थांबला? फवारणी सुरू करा." कोरड्या रानात, सुकलेल्या झाडावर, जिथे मावा स्वतःच उपाशी मरतोय तिथे आमचं औषध. त्यानं मरत काय होतं, तर माव्यावर जगणारे ढालकिडे. मग एखादी सर येते, ताण सुटतो, झाडात दाब येतो, आणि माव्याला खाणारं कुणी उरलेलंच नसतं. केळुसकर मला हे टाकीवर बसून सांगत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता, कारण ते पोस्टर मी स्वतः खटाव-माणच्या दर दुकानात चिकटवलं होतं. मी म्हटलं, हे हंगामाच्या आधीच्या मीटिंगमध्ये सांगितलंच पाहिजे. ते म्हणाले, "तुम्ही सांगा. मला चारचौघांत नीट बोलता येत नाही." मी म्हटलं, माझ्यावर विश्वास कोण ठेवेल? तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. "त्यांनी विचारलं तर मी आहे ना," म्हणाले.

मी आहे ना... मी हे शब्द विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

मीटिंग तुर्भ्याच्याच हॉलमध्ये झाली. सगळ्या जिल्ह्यांचे विक्रीवाले, समोर मोठे साहेब, मागे ते पोस्टर. मी उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा एकही शब्द न फुगवता बोललो. कुंड्या, तीन रांगा, काकूंचा तांब्या, चिकटा, ढालकिडे. साधं, सरळ. आणि हॉलमध्ये काय झालं असेल? हसू पसरायला लागलं. बोलण्यात मोरेकाकू आल्या तेव्हा तर मागची रांग लोळायला आली. त्यांना वाटलं, जगतापाची गोष्ट, आता शेवटी नाकतोडा येणार. मी म्हणतोय, अहो थट्टा नाही, पोस्टर बदला, लोकांची पिकं जातील... तसतसं जास्तच हसतायत. साहेब डोळे पुसत म्हणाले, "जगताप, साक्षीदार?" आणि सगळा हॉल एका आवाजात ओरडला, "विचारा केळुसकरांना!"

मला सांगायला लाज वाटत नाही, त्या क्षणी मला आनंद झाला. म्हटलं, हसा लेको, आता कळेल. केळुसकर तिसऱ्या खुर्चीवर होते. उठले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. साहेबांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. आणि त्याच सपाट आवाजात म्हणाले, "मला तसं काही आठवत नाही."

एवढा हशा मला आयुष्यात मिळालेला नाही. लोक खुर्च्यांवरून खाली आले. साक्षीदारच फिरला, असा विनोद! साहेबांनी टाळी दिली, मला नाही, त्यांना. माझ्या शंभर थापांना ज्यानं खांदा दिला, त्यानं माझं एकमेव खरं उघड्यावर टाकलं, आणि खाली बसला. पाणी प्यायला.

महिन्याभरात माझी बदली खाडीपलीकडे, द्रोणागिरीकडच्या गोदामात झाली. खारा वारा, पत्रे आणि औषधाचे ड्रम. ड्रमांना गोष्टी सांगायचो. गावी थोरल्या भावाला मी तळमळून सांगितलं की रान कोरडं असताना फवारू नको, सर येऊन गेली की बघ. तो म्हणाला, "तुझं काय खरं धरायचं? तो तुझा चष्मेवाला काय म्हणतो?" काय सांगणार होतो मी? म्हटलं, त्याला आठवत नाही. भावानं पोस्टरप्रमाणे फवारलं. मग एक सर आली आणि सगळी ज्वारी अशी चिकटली की कडब्याला म्हैससुद्धा तोंड लावेना. म्हैस मावशीकडून आलेली, काहीही खाणारी... जाऊ दे. ही गोष्ट मला रंगवता येत नाही.

केळुसकरांना पुढे बढती मिळाली. ती मिळाली म्हणून ते फिरले, की फिरले म्हणून मिळाली, मला माहीत नाही. घाबरले असतील, कुणी दटावलं असेल, घरी काही असेल. मला कारण चाललं असतं. अगदी फालतू कारणही चाललं असतं, मी ते फुगवून मोठं केलं असतं आणि चारचौघांत सांगत फिरलो असतो. पण त्यांनी कारण दिलं नाही. जिन्यात भेटले की भिंतीकडे सरकायचे, मला वाट द्यायचे, नाकतोड्याला बैलांनी द्यावी तशी. कुंड्या त्यांनी रिकाम्या करून टाकीमागे पालथ्या घालून ठेवल्या. मोरेकाकू धाकट्या मुलाकडून थोरल्याकडे, गावी गेल्या. आता गच्चीवरचं ते पाहिलेला मी एकटाच उरलो होतो, आणि मी कोण, तर जगताप. एकदा दिवाळ्याला जनाबाईनं विचारलं, "तुजा चश्मेवाला दिसत नाय?" मी म्हटलं, त्याला व्हेल माशानं गिळलं. ती म्हणाली, "आता कोनाला इचारू?" मी पापलेट घेतलं आणि निघालो.

दिवसकार्य झाल्यावर संध्याकाळी त्यांच्या घरी सगळे जमले होते. सोसायटीवाले, कंपनीतले जुने लोक, निवृत्त झालेले मोठे साहेबही. मी जाणार नव्हतो. हिनं नुसतं पाहिलं माझ्याकडे, म्हणून गेलो. फोटोतही चष्मा थोडा तिरकाच. एकेक जण बोलत होता. साधा माणूस, अभ्यासू माणूस... आणि साहेब म्हणाले, "केळुसकरांच्या तोंडून खोटा शब्द म्हणून कधी गेला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठलो. मी बोललो. कुंड्या, तीन रांगा, तांब्या, चिकटा, आणि त्यांनी स्वतः भिंगातून मला काय दाखवलं ते, आणि "मी आहे ना" तेसुद्धा. आवाज चढू दिला नाही. आधी सगळे ऐकत होते. मग बोलण्यात मोरेकाकूंचे पापड आले आणि कोपऱ्यातून कुणीतरी हळूच हसलं. साहेब हसले, प्रेमानं हसले. वातावरण हलकं केलंत जगताप, म्हणाले.

आणि माझा हात वर गेला. मी नेला नाही, सवयीनं गेला. "खोटं वाटत असेल तर विचारा..." म्हणालो, आणि पुढचं नाव तोंडातच राहिलं. हात तसाच वर. सगळे फोटोकडे बघायला लागले.

वहिनी भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांवर शाल घेऊन. त्यांनी चष्मा काढला. शालीच्या टोकानं पुसला, परत घातला.

"हो," त्या म्हणाल्या. "मी होते तिथे."